कुळाचे पान

संकरित मिरचीचे बियाणे विकण्यात तुळजाबाईंची चाळीस वर्षे गेली होती. पण त्या मिरचीचा नर वाण कोणता आणि मादी वाण कोणता, हे त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. म्हणूनच मुनीम राधेश्याम जेव्हा हळूच म्हणाले, "माई, दुपारी तीन वाजले की कॉम्प्युटर आपला आपणच काहीतरी बाहेर धाडतो, अन् कल्याण नेमका तेव्हाच जेवायला गेलेला असतो," तेव्हा माईंच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला त्यांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कल्याणच्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"आज डबा नंतर. बस."

कुंभार पिंपळगावचा हा पोरगा हुशार खरा. पण हुशारीला कुंपण लागते, असे माईंचे मत होते.

"माई, मी काय चोरी करून राह्यलो का?" कल्याण हसला. "ही स्क्रिप्ट हाय, आपोआप चालणारा प्रोग्राम. तुम्हीच म्हणाल्या, चाचणीचे अहवाल हैदराबादच्या भागीदार कंपनीला रोज बराबर गेले पाहिजेत. मंग कोण रोज एकेक फाईल धाडीत बसंल? फोल्डरात जे असंल ते सगळं ही त्यांच्या सर्व्हरवर टाकती."

"सगळं?"

"बिलकुल सगळं."

तीन वाजले. काळ्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या. उगवणीचा अहवाल, गेला. रोगाचा अहवाल, गेला. तिसरी ओळ होती 'कूळ', म्हणजे मिरचीच्या नर-मादी वाणांची नावे लिहिलेले पान. माईंनी त्या ओळीवर बोट ठेवले.

"हे कोणी घातलं यात? खरं बोल."

कल्याणचे हसू मावळले. "तुम्हीच, माई. सोमवारी मला बाहेर उभं करून स्वतः स्कॅन केलं. हंगामाच्या दप्तराला कुळाचं पान पहिलं, ही घरची रीत, असं म्हणल्या. मी उघडूनसुद्धा पाह्यलं न्हाई."

खरे होते. आई-बाप सांगितल्याशिवाय लेकराचे दप्तर उघडू नये, ही सासूबाईंपासूनची रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. कपाटातल्या दप्तरासाठी असलेली रीत त्यांनी नकळत बाहेर जाणाऱ्या या फोल्डरात आणून ठेवली होती. आज गुरुवार. चार दिवस पान जात होते.

"परत आण."

"न्हाई येत. आपल्याला तिथं फक्त टाकायची परवानगी हाय, पाह्यची न् पुसायची न्हाई. फोन करून पुसायला सांगू का?"

"वेडा आहेस का? पुसा म्हटलं की आधी उघडून बघतील." माईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिले. "त्याच नावाचं दुसरं पान टाकलं तर?"

"पहिलं जाऊन त्याच्या जागी हे बसंल."

माईंनी कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरांत एक नवेच, खोटे कूळ लिहिले. त्या जोडीपासून वाढणाऱ्या झाडाला फळ धरत नाही, हे त्यांनी बदनापूरच्या मळ्यात तीन हंगाम घालवून पाहिले होते. कागद स्कॅन झाला. कल्याणने स्क्रिप्ट पुन्हा चालवली; 'कूळ' गेले.

"आता खरं पान तिथून नाहीसं झालं ना?"

"झालं, माई."

"आणि या चार दिवसांत कोणी उघडलं असेल तर?"

"ते इथून कळत न्हाई, माई."

"चूक माझी आहे," माई उठत म्हणाल्या. "पण राधेश्यामलाही हे सांगायचं नाही. पुढल्या साली हैदराबादवाल्यांच्या शेतात मी जातीने जाईन. तिथली मिरची वांझ निघाली, तर त्यांनी आजचं हे खोटं पानच पाहिलं. आणि आपल्यासारखीच लदबदलेली दिसली, तर…"

मग त्यांनी कॉम्प्युटरवर उरलेले खऱ्या पानाचे स्कॅन स्वतःसमोर पुसायला लावले आणि कल्याणला जेवायला जाण्याची आज्ञा केली.