सहा महिन्यांच्या आत

हर्षला गावी, पोशीरला आली तेव्हा आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. महिनाभर राहायचं म्हणून ती आली होती. आता साडेपाच महिने होत आले.

जर्मनीत ती नर्स होती. आणखी आठ महिने नोकरी झाली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येणार होता. पण त्याआधी सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं, तर हातातला परवानाच रद्द. मुदत वाढवून मिळावी म्हणून तिने तिथल्या कार्यालयाला तीन ईमेल पाठवले होते. एकाचंही उत्तर नव्हतं. सकाळी डोळे उघडल्याबरोबर ती फोन बघायची, भाजी चिरताना बघायची, खाली ठेवून पुन्हा उचलायची.

आईचंही काही कळत नव्हतं. हाड छान जुळलंय, असं कर्जतच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं. तरी वॉकर धरून दोन पावलं टाकली की चंद्राबाई कण्हत खाली बसायच्या. "जीव जातो गं. नाय जमत." हर्षलाने अशी कितीतरी म्हातारी माणसं चालती केली होती. घरचंच माणूस उभं राहत नव्हतं.

"ताई, तू जा. मी बघतो," धाकटा भाऊ सुमित म्हणायचा. तो रसायनीला कारखान्यात होता, शिफ्टमध्ये.

"तू कामावर गेल्यावर तिला संडासला कोण नेणार रे?"

एका गुरुवारी ती औषधं आणायला नेरळला निघाली. अर्ध्या वाटेत आठवलं, डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली. रिक्षा वळवून ती परत आली. घरात आई नव्हती. परसात चंद्राबाई दोन्ही हात वर करून दोरीवरचे कपडे काढत होत्या. वॉकर जवळपासही नव्हता.

"आई!"

चंद्राबाईंनी साडी छातीशी धरली.

"कधीपासून चालतेस?"

"महिना झाला असंल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तूच फोनवर बोलत व्हतीस, सहा महिने भरले की कागद रद्द. मला वाटलं, भरू दे."

"माझी पाच वर्षं गेलीत त्यात!"

"माझी नाय गेली?"

हर्षला दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कार्यालयाचं उत्तर आलं. आईच्या आजारपणामुळे तीन महिन्यांची मुदत वाढवून मिळाली होती. तिने ते दोनदा वाचलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. इतके दिवस नियम तिला ओढत होता. आता कुणीच ओढत नव्हतं.

तिने आईला सांगितलं. चंद्राबाईंचा चेहरा उजळला. "मंग राहा की!"

"नाही. मी शनिवारी निघतेय."

"आता तर कागदाचं कारण नाय."

"नाही. मलाच जायचंय, आई. मला तिथे राहायचंय."

हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. "हे आधी बोलली असतीस, तर मी बी चालली असते," चंद्राबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

शनिवारी विमानतळावर सोडायला सुमितने मित्राची गाडी आणली. पनवेलपर्यंत हर्षलाने त्याला दोनदा थांबायला लावलं. दोन्ही वेळा तो वळून बघत राहिला, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "काही नाही. चल."