घर सोडलेलं जनुक

धाकटी बहीण प्रयोगशाळेत लागली तेव्हा थोरलीला तिथे अठरा वर्षं झाली होती. फळमाशीच्या अळीची लाळग्रंथी सुईने अलगद काढायची, काचेवर दाबून त्यातली गुणसूत्रं पसरवायची, या कामात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण धाकटी डॉक्टरेट घेऊन आली, संगणकासमोर बसली, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या तोंडी सारखं तिचंच नाव. थोरलीला ते गिळवत नव्हतं.

काम होतं सात भाऊबंद जातींच्या माश्यांतली जनुकं जुळवून पाहण्याचं. जाती वेगळ्या होऊन युगं लोटली, जनुकांची रांग उलटसुलट झाली, तरी जनुक सहसा आपली गुणसूत्राची भुजा, म्हणजे त्याची एक फांदी, सोडत नाही. धाकटीला मात्र असं एक सापडलं, जे एका जातीत दुसऱ्याच भुजेवर जाऊन बसलं होतं.

"माश्यांच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल," थोरली सगळ्यांसमोर म्हणाली. "नवीन माणसांचं होतं असं."

"मग तुम्हीच तपासा, ताई," सर म्हणाले. धाकटीचं ऐकून तेही तिला ताईच म्हणू लागले होते.

थोरलीने त्याच जातीच्या, खात्रीच्या बाटलीतल्या अळ्या घेतल्या. अकरा स्लाइड केल्या, जनुकाला चिकटणारा चमकता रंग घातला. अकराही स्लाइडवर ठिपका दुसऱ्याच भुजेवर होता. तिने ट्रे खणात सारला आणि बाहेर येऊन सांगितलं, "नीट आल्या नाहीत. तसं काही दिसलं नाही."

दोन दिवसांनी धाकटी सरांना म्हणाली, "ते जनुक गाळू या. ताईला दिसलं नाही, म्हणजे माझंच चुकलंय. तिचा हात चुकत नाही."

थोरलीच्या हातातली सुई थांबली. ती उठली, खणातला ट्रे आणून धाकटीपुढे ठेवला. "तुझं बरोबर आहे. अकराच्या अकरा."

"मग परवा का नाही बोललीस?"

"पोटात दुखत होतं."

धाकटीने औषध घेतलंस का, असं काही विचारलं नाही. खुर्ची ओढून ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. "काय सुरेख पसरलीत गं," एवढंच म्हणाली.

शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यात दोघींची नावं होती. धाकटीचं पहिलं. थोरलीने तो अंक घरी नेला, सगळ्यांना दाखवला. दाखवताना आपल्या नावाखाली बोट ठेवलं, आणि वरचं नाव अंगठ्याने झाकलं.