शिसारी हिरव्या दिव्याची

मी उजेडावर गणित करणारी पेटी बोलतेय. जवळ या, पण नाकाला रुमाल लावून या. रायपूरजवळच्या बीरगावातल्या लोखंड वितळवण्याच्या एका कारखान्यात, भंगाराच्या खोलीत मी पडले आहे. अंगावर कुजलेला झेंडू आणि भोवती गुटख्याच्या पुड्या.

जन्म मात्र नवा रायपूरच्या गारेगार प्रयोगशाळेतला. रायपूरच्या तात्यापारा या मराठी वस्तीतल्या शर्मिष्ठाबाईंनी चार वर्षं खपून मला घडवलं. साध्या संगणकात वीज धावते, माझ्या पोटातल्या बारीक वाटांवरून प्रकाश धावतो. आसपासच्या विजेच्या लहरी प्रकाशाला बाधत नाहीत, हे खरंच. पण प्रकाशानं काढलेलं उत्तर शेवटी वाचायचं कोणी? ते माझ्यातल्या केसाएवढ्या तारा वाचतात, आणि त्यांना शेजारच्या विजेचा गोंगाट मुळीच सोसत नाही. शर्मिष्ठाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी मला जाड धातूचं टोपण घातलं होतं.

इथली भट्टी विजेवर चालते. तिचं आतलं अस्तर झिजलं की वितळलेलं लोखंड फुटून बाहेर येतं. भिंत किती तापली ते वाचायचं आणि लाल नाहीतर हिरवा दिवा लावायचा, एवढंच माझं काम. दोनदा मी लाल दिवा लावला, दोन्ही वेळा भट्टी वेळेवर थांबली. भट्टीवरचे भैय्यालाल तेव्हा माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू हाय म्हनून घरी माही बायको माया बिनघोर झोपते." मला फार बरं वाटलं होतं.

मग विश्वकर्मापूजा आली. त्या दिवशी कारखान्यातलं प्रत्येक यंत्र पुसून, कुंकू लावून, हार घालून सजवतात. व्यवस्थापक शेखरबाबूंच्या मनात आलं की पाहुण्यांना माझ्या आतला उजेड दिसला पाहिजे. माझं धातूचं टोपण निघालं आणि वर पारदर्शक प्लास्टिक बसलं. पण माझा खरा प्रकाश माणसाच्या डोळ्यांना मुळात दिसतच नाही. मग काय, आत निळे दिवे चिकटवले! फोटो झकास आले. मधोमध शर्मिष्ठाबाई हसत उभ्या. माझ्या टोपणात बुंदी वाटली गेली, आणि बुंदी संपल्यावर त्याची पिकदाणी झाली.

दुसऱ्या दिवशी भैय्यालालनी विचारलं, "म्याडम, याचं टोपण काहून काढून ठेवलं? भट्टी तापली का माहा मोबाईलबी खरखर करते."

"भाऊ, प्रकाशाला विजेची बाधा होत नाही."

"उजेडाले नसन होत. पन आतल्या तारायले?"

तोच फोटो त्यांना कुठल्याशा परिषदेला पाठवायचा होता. मोबाईलकडे बघत त्या निघून गेल्या. शिकलेल्या माणसांना कळत नाही याचं मला वाईट वाटत नाही. कळूनही गप्प बसतात, त्याची किळस येते.

पंधरवड्यानं भट्टी पूर्ण जोरात चालू होती. माझ्या तारा त्या गोंगाटानं पार बहिऱ्या झाल्या. आत प्रकाश लाल सांगत होता, बाहेर दिवा हिरवा लागला.

भैय्यालालना जळका वास आला. "शेखरबाबू, बंद करतो. भिताड लय तापून राहिलं."

"लाइट हरी है ना? चलने दो." शेखरबाबू मराठी घरातलेच, पण हुकूम हिंदीतून सोडायचे.

भैय्यालालनी माझ्याकडे पाहिलं. मी हिरवीगार. त्यांचा हात बटणावरून खाली आला. पुढच्याच मिनिटाला भट्टी फुटली. दोघा सोबत्यांना त्यांनी ढकलून दूर लोटलं, पण त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय होरपळले. ते अजून दवाखान्यातच आहेत.

चौकशीच्या कागदावर लिहिलं, 'कामगाराने भट्टी वेळेत बंद केली नाही.' खाली शर्मिष्ठाबाईंची वळणदार सही. त्याच दिवशी माया नवऱ्याचा कारखान्यात राहिलेला डबा न्यायला आली होती. तिनं बाईंना गाठलं.

"तुमच्या पेटीनंच सांगतलं ना त्यायले, समदं ठीक हाय म्हनून?"

"पेटीचा दोष नाही हो, ताई."

"मंग माह्या मानसाचा कसा?"

बाईंनी पर्स उचलली आणि गाडीकडे चालू लागल्या. थू! मला तोंड असतं तर तिथंच थुंकले असते.

प्रयोगशाळेत आता माझ्या दोन बहिणी तयार होताहेत, म्हणे. त्यांनाही पारदर्शक झाकणंच, फोटोत शोभतात म्हणून. त्या कुठल्या भट्ट्यांवर जाणार, मला माहीत नाही. पण तिथं उभ्या राहणाऱ्या भावांनो, ऐका. दिवा हिरवा असला आणि तुमच्या नाकाला जळका वास आला, तर भट्टी बंद करा आणि पळा. पेटीकडे वळूनही बघू नका. भैय्यालालनी बघितलं होतं.