रेणूची शेपटी

वहिनीने तीन महिने खपून तो रेणू बनवला होता. मधोमध धातूचा एकच अणू, त्याच्याभोवती कार्बनची कडी. कडक थंडीत ठेवला की एवढासा रेणू चुंबक व्हायचा. गणिताप्रमाणे त्याने चुंबकत्व तासन्‌तास धरून ठेवायला हवं होतं. यंत्राच्या पडद्यावरची चुंबकत्वाची रेघ मात्र चाळीस सेकंदांत खाली येऊन टेकली.

गणित नणंदेचं. ती त्याच इमारतीत दोन मजले वर बसायची. वहिनी तरातरा जिना चढून गेली.

"ताई, तुमचं गणित चुकलंय."

"धातूपुरतं बरोबर आहे," नणंद म्हणाली. "भोवतालचे अणू गप्प बसतात असं मी धरलं होतं. ते थरथरतात, त्यात धातू आपली दिशा विसरतो."

"इतक्या थंडीत?"

"थंडीत थरथर कमी होते गं, थांबत नाही."

वहिनीचा राग पळाला. मग नक्की कोण थरथरतं? कळल्याशिवाय तिला चैन पडेना. रेणूला एकूण एकशे ऐंशी तऱ्हांनी हलता येत होतं. दोघींनी आठवडाभर एकेक कंपन तपासलं. बहुतेक बिचारी निरुपद्रवी निघाली. वेगवान कंपनांना तर त्या थंडीत जागच येत नव्हती. एक संथ डोलणं तेवढं धातूभोवतीची कडी वाकवत होतं. नणंदेने ते पडद्यावर चालवून दाखवलं. रेणूच्या टोकाची शेपटी कुत्र्यासारखी हलत होती.

वहिनी ओशाळली. स्फटिक छान यावेत म्हणून ती शेपटी तिनेच जोडली होती.

"काढून टाक."

"काढली तर स्फटिकच येणार नाहीत. पण तिचं मोकळं टोक कड्याला बांधून टाकलं तर?"

पहिल्या तीन खेपांना नुसता तपकिरी चिकटा हाती आला. चौथ्या खेपेला मोहरीएवढे पिवळे स्फटिक आले.

या वेळी रेघ रमतगमत उतरली. मध्येच वहिनीच्या नवऱ्याचा फोन आला, "जेवायला येताय ना दोघी?"

"चुंबक विसरला की निघतो," त्याची बहीण ओरडली.

रेघ टेकली तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. वहिनीने टाळी वाजवली. नणंदेच्या कपाळावर आठी.

"दोन तास यायला हवे होते. अजून कोणीतरी हलतंय."

वहिनी स्फटिकाच्या नळीकडे बघत राहिली.

"ताई, गणितात तुम्ही रेणू एकटाच धरलाय ना? इथे तर तो दाटीवाटीने बसलाय. शेजारचे रेणू ढकलत असतील तर?"

नणंद खिशात पेन शोधू लागली.