कडक कमानी

मिस्त्रीने जन्मभर ट्रकच्या कमानी बांधल्या. मागून बसलेला ट्रक त्याच्याकडे यायचा, तो चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांत आणखी एक पाटा घालायचा, की मग गाडीत डोंगर भरा, ती वाकत नसे.

बायकोच्या हाडांत रोग शिरला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने एकच मागितलं. "अहो, एकदा समुद्र दाखवा. पडल्यापडल्या दिसला तरी चालेल."

म्हणून त्याने एक वापरलेली गाडी आणली. चाकांवरचं घर. आत बिछाना, ओटा, मोरी, सगळं होतं आणि सगळंच सडलेलं होतं. छत गळत होतं, गॅसची नळी चिरलेली, गादीला उंदरांच्या मुताचा वास. मिस्त्री कामाला भिडला. बायकोला धुवायला पाणी लागेल म्हणून मोठी टाकी बसवली. औषधांना, कपड्यांना भरीव लाकडाची कपाटं ठोकली.

"बाबा, आईला न्यायचंय की प्रदर्शन मांडायचंय?" लेक म्हणाली.

"अर्धवट गाडी मी रस्त्यावर सोडत नाही."

एवढ्या वजनाने गाडी मागून बसली. बसलेली गाडी म्हणजे मिस्त्रीच्या इभ्रतीचा प्रश्न. दोन्हीकडे एकेक पाटा घातला, आणि असू दे म्हणून वर आणखी एकेक. मग मागच्या बंपरवर चढून उड्या मारल्या. गाडी ढिम्म.

"हत्ती बसव आता!" तो लेकीला म्हणाला.

"हत्ती नाही हो, मी बसणारे," बायको घराच्या खिडकीतून म्हणाली. "माझं वजन आता पिशवीएवढं राहिलंय."

तो हसला. हसला आणि विसरला.

निघाले त्या सकाळी दोघांनी तिला उचलून बिछान्यावर ठेवलं. गल्ली सरली, मोठा रस्ता लागला, पहिला खड्डा आला. गाडी जराही झुकली नाही. मिस्त्री स्वतःवर खूश झाला. दुसऱ्या खड्ड्याला मागून लेक किंचाळली, "थांबवा! बाबा, थांबवा गाडी!"

बायकोने चादरीचा कोपरा दातांत धरला होता. डोळे पांढरे. "काही नाही हो. चला. समुद्र अजून लांब असेल ना?"

मिस्त्री उतरून चाकाशी उकिडवा बसला. कडक कमानीवर गाडी आपटते. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. रिकामा ट्रक हळू ने रे बाबा, असं त्यानेच किती ड्रायव्हरांना बजावलं होतं. त्याने टाकीचं वजन धरलं, कपाटांचं धरलं. आत माणूस झोपणार, हे धरलं नाही. पोत्यांना हाडं नसतात, आणि जन्मभर त्याने पोत्यांचीच काळजी वाहिली. लोक म्हणतात, प्रेमाने केलेलं काम चुकत नाही. म्हणणाऱ्यांच्या तोंडात माती!

त्याने पाना काढला. पण नट त्याच्याच हाताने आवळलेले. पाना निसटला, बोटं सोलली.

"अहो, राहू द्या. घरी चला," ती खिडकीतून म्हणाली.

"थोडं थांब ना. एक पाटा काढला की..."

"थांबायला मी काय गाडी आहे?"

परत तोच रस्ता, तेच खड्डे. त्याने गाडी मुंगीच्या पावलाने आणली. मागचे हॉर्न वाजवत होते, आईबहीण काढत होते. आतून मात्र हूं की चूं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिला उचलायची सोय राहिली नाही. मिस्त्रीने टाकी काढली, कपाटं उखडून अंगणात फेकली, पाटे उतरवले, उरलेले तासून पातळ केले. ट्रकवाल्यांनी पाहिलं असतं तर थुंकले असते, इतकी मऊ कमान. हे कोणासाठी, असं लेकीने विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "आत येऊन तिच्यापाशी बसा ना जरा."

"येतो. झालंच."

ती गेली तेव्हा तो गाडीखाली होता.

मेहुण्याने शववाहिका सांगितली. मिस्त्री दारात आडवा उभा राहिला. "नको ती. माझी गाडी तयार आहे."

मेहुण्याने शववाहिका परत पाठवली. तिला त्याच बिछान्यावर ठेवलं, पायाशी लेक बसली. मोठ्या रस्त्यावर तो खड्डा आला. होडी डुलावी तशी गाडी डुलली आणि पार झाली.

"लागलं नाही ना गं तिला?" मिस्त्रीने मागे न बघता विचारलं.

लेकीने आईचे पाय घट्ट धरले.

"नाही बाबा. अजिबात नाही."