सिगारेटच्या पाकिटातली देवी

मित्रांनो, मी एक जुना, पत्त्याएवढा फोटो आहे. माझ्यावर दिसते ती राणी. अंगावर शालू, नाकात नथ, डोक्यावर मुकुट. खरं तर तो नाटकात बायकांची कामं करणारा एक गडी आहे, आणि फोटोच्या दिवशी सकाळीच त्यानं मिशी काढली होती. मी सिगारेटच्या पाकिटातून आलो. पाकीट घेणाऱ्याला एक नट फुकट, असा कंपनीचा बेत होता. माझ्या पाठीवर छापलंय, 'एकदा ओढाल तर कधी सोडणार नाही.'

पुढे कित्येक वर्षं मी जाफराबादला सुरजमल शेटजींच्या कापडदुकानात एका डब्यात पडून होतो. १९८४ च्या नवरात्रात त्यांनी खणाची घडी ताठ राहावी म्हणून मला आत सरकवलं. तो खण पिंपळगाव रेणुकाईच्या तुळजाबाईंनी देवीच्या ओटीसाठी घेतला. घरी घडी उलगडली आणि मी त्यांच्या मांडीवर पडलो.

"रेणुकामाय सोताहून घरी आली," असं म्हणून त्यांनी मला हात जोडले.

मला फ्रेम मिळाली, रोज कुंकू मिळू लागलं. मी फुशारून गेलो. पण लगेच तुळजाबाईंनी नवऱ्याला, कचरूभाऊंना, माझ्यापुढं बसवलं. बिड्या ओढून त्यांना असा खोकला लागला होता की शेजारी जागे राहायचे.

"भंडारा उचला. पुन्हा बिडी ओढणार न्हाई म्हणा."

त्यांनी शपथ घेतली आणि खरंच पाळली. हळूहळू खोकला गेला. मी मात्र आतल्या आत शरमून गेलो होतो. माझी पाठ कुणी पाहिली तर शपथ मोडेल आणि तो खोकला परत येईल, ही धास्ती मला कायम असायची.

पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नाला शेटजी आले. देवघरापुढं वाकले आणि हसायलाच लागले.

"तुळजाबाई, ही देवी न्हाई. नाटकातला गडी हाय, आमच्या दुकानातला." त्यांनी फ्रेम उघडून माझी पाठ वाचून दाखवली.

कचरूभाऊंचा चेहरा खुलला. "मंग शपथ सुटली," म्हणत त्यांनी शेजारी बिडी काढत असलेल्या एका पाव्हण्यापुढं हात केला.

तुळजाबाईंनी तो हात तिथंच धरला. "बिलकुल न्हाई. देवीपुढं कोणी बी सोडल. तुम्ही तर जो तंबाखू इकायला आल्ता त्याच्यापुढं सोडली. ही शपथ जास्ती पक्की."

पाव्हण्यानं बिडी गुपचूप खिशात ठेवली.

आता देवघरात खरी रेणुकामाय आहे. मी शेजारच्या कोनाड्यात असतो. कुंकू बंद झालं, पण दसऱ्याला एक फूल मिळतं. मित्रांनो, जुन्या फोटोंना तेलकट हात लावू नका, आणि पाया पडण्याआधी त्यांची पाठ जरूर बघा. माझी पाठ वाचून किती जणांनी ओढायला घेतली, कोण जाणे. माझं तोंड बघून सोडली ती एकट्या कचरूभाऊंनी, आणि माझ्या कंपनीला हे अजून कळलेलं नाही.