लष्करी ट्रकाला नवा रंग

मी एक जुना लष्करी ट्रक आहे. मित्रांनो, अंगावरचा हिरवा रंग अगदी ताजा आहे, आणि माझा सगळा संताप त्या रंगावरच आहे.

सरहद्दीवर जाण्यासाठी मला बनवलं. पण मी वाहिलं काय? आमच्या छावणीच्या कर्नलना सगळे बाशा म्हणतात. त्यांच्या टेकडीवरच्या बंगल्याचा संगमरवर, त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या खुर्च्या! सक्तीच्या भरतीत आलेली खेड्यातली पोरं बंदूक शिकायची सोडून तिथं बागेला पाणी घालत.

मग लोक राजवटीविरुद्ध उठले. त्यांना अडवायला मला चौकात उभं केलं, तर माणसं न भिता माझ्यावर चढली. माझा चालक बखीत, त्याला कुणी बाकल्याची गरम उसळ नि भाकरी भरवली. एका म्हातारीनं माझ्या दारावर चुन्यानं लिहिलं, ‘लष्कर जनतेचं’. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

राजवट पडली. नव्या संसदेनं लष्कर सुधारायला समिती नेमली. वाटलं, आता तरी माझे ब्रेक दुरुस्त होतील. ते केव्हाचेच गेले होते! टेकडी उतरताना बखीत अल्लाचं नाव घेत मला गिअरवर धरायचा. मागच्या पोरांचं हसणं थांबायचं.

समिती येणार म्हणताच छावणीत नेहमीची धावपळ सुरू झाली. दगडांना चुना, टायरांना काळं, मला हिरवा.

“बाशा, आधी ब्रेकचं बघा की,” बखीत म्हणाला.

“ब्रेक बाहेरून दिसतात का रे? रंग मार मुकाट्यानं!”

म्हातारीची अक्षरंही त्याच रंगाखाली गेली.

समितीच्या नवाल बाईंनी मला हात लावला. “छान ठेवलाय हो. काही अडचण, बाळा?”

बाशा डोळे वटारून उभे. बखीतची सक्तीच्या नोकरीतून सुटका महिन्यावर आली होती, गावी लग्न ठरलं होतं. गप्प बसला असता, तर काय बिघडलं असतं त्याचं?

“बाई, ह्याला ब्रेक नाहीत. आणि मागं माणसं बसतात.”

“भारी चेष्टेखोर पोरगं!” बाशा हसले. “चला बाई, चहा निवतोय.”

बाई गेल्या.

संध्याकाळी बखीतला कोठडीत घातलं. लग्न लांबलं. समितीनं शिफारस केली, चालकांना शिस्त शिकवावी. शिस्त! लाज कशी वाटत नाही?

उद्या नवा चालक मला टेकडीवर नेणार आहे. मागं पोरं असतील, उताराच्या तळाशी बाजार. मित्रांनो, मोठेपणी तुम्ही अशा समितीवर गेलात, तर चहा नंतर घ्या. आधी माझ्यात बसा आणि तो उतार उतरून दाखवा.